‘१५ वर्षे ते जन्मठेप’ म्हणजे नक्की किती वर्षं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात एखाद्याला ‘१५ वर्षे ते जन्मठेप’ अशी शिक्षा झाली, तर तो १५ वर्षांनी सुटतो का? पॅरोल बोर्डासमोर नेमकं काय चालतं? आणि एवढा सगळा खटाटोप करून अमेरिकेला साधायचं काय असतं, शिक्षा की सुधारणा?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: आपोआप सुटत नाही. १५ हा आकडा सुटकेचा नाही, ‘आता सोडता का?’ असं विचारता येण्याचा आहे. विचारल्यावर बहुतेकांना पहिल्यांदा ‘नाही’ हेच ऐकावं लागतं. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच घेतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे रजा. तुरुंगाच्या नियमांखाली कैद्याला फर्लो आणि पॅरोल मिळतात. सरकारी मराठीत संचित रजा आणि अभिवचन रजा. घरात मृत्यू झाला, कोणी गंभीर आजारी पडलं, लग्न निघालं, की कैदी काही दिवस घरी येतो आणि ठरल्या दिवशी तुरुंगाच्या दारात परत हजर होतो. अमेरिकेतला पॅरोल ही रजा नव्हे. तिथे माणूस सुटतो, उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर भोगतो आणि अटी मोडल्या तरच आत जातो. आपल्याकडे त्याच्या जवळचं काही असेल तर ती जन्मठेपेच्या कैद्याची मुदतपूर्व सुटका. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम ४३३-अ, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं ४७५, आणि त्यातली ती प्रसिद्ध १४ वर्षांची अट. फरक एवढाच, की आपल्याकडे फाईल टेबलावरून टेबलावर फिरते. कॅलिफोर्नियात कैदी स्वतः दोन-तीन तास प्रश्नांना तोंड देतो.

दुसरा घोळ ‘अमेरिकेत’ या शब्दाचा. पॅरोलचा एक देशभरचा कायदा नाही. संघराज्याच्या, म्हणजे फेडरल, न्यायालयात शिक्षा झाली असेल आणि गुन्हा १ नोव्हेंबर १९८७ नंतरचा असेल तर पॅरोल हा प्रकारच नाही. १९८४ च्या कायद्याने तो बंद केला. तिथे १० वर्षं म्हणजे चांगल्या वर्तणुकीची वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवसांची सूट वजा जाता साडेआठ वर्षं. २०१८ च्या सुधारणेनंतर काही गुन्ह्यांना अभ्यासक्रमांची वेगळी सवलत मिळते, पण तिथे पटवायला समोर बोर्ड नाही. व्हर्जिनियाने १९९५ मध्ये पॅरोल बंद केला, मेनने त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात. टेक्सासचं गणित वेगळं, न्यू यॉर्कचं वेगळं. म्हणून ‘अमेरिकेत किती वर्षांत सुटतात’ या प्रश्नाला अर्थ नाही. राज्य कोणतं, गुन्ह्याचं वर्ष कोणतं आणि कलम कोणतं, हे तीन तपशील आधी हवेत. पुढचं सगळं कॅलिफोर्नियाबद्दल आहे, कारण प्रश्नही तिथलाच आहे आणि शिक्षेचा हेतू कायद्यात लिहून तो पुन्हा बदलण्याचा उद्योगही याच राज्याने केला आहे.

शंभर वर्षांपूर्वी तिथे ‘१ वर्ष ते जन्मठेप’ अशा शिक्षा सर्रास होत. कल्पना अशी, की कैदी हा रोगी. दवाखान्यात दाखल होतानाच डॉक्टर घरी जायची तारीख सांगत नाही. बरा झालास की जा. या विचाराची अमेरिकेतली पहिली मोठी प्रयोगशाळा म्हणजे न्यू यॉर्क राज्यातली एल्मायरा सुधारशाळा, १८७६ साली सुरू झालेली, झेब्युलन ब्रॉकवे यांच्या हाताखाली. तिचं मूळ आणखी मागे जातं. नॉरफोक बेटावर अलेक्झांडर मॅकोनोकी यांनी १८४० च्या सुमारास कैद्यांना गुण देऊन सुटका जवळ आणण्याची पद्धत चालवली होती. कॅलिफोर्नियाने १९१७ मध्ये अनिश्चित मुदतीच्या शिक्षेचा कायदा केला आणि पुढची साठेक वर्षं सुटकेची किल्ली बोर्डाच्या हातात राहिली.

त्याचा दुसरा चेहरा जॉर्ज जॅक्सन या कृष्णवर्णीय कैद्याच्या प्रकरणात दिसला. पेट्रोल पंपावर ७० डॉलरची लूट, वय जेमतेम अठरा-एकोणीस, शिक्षा ‘१ वर्ष ते जन्मठेप’. दहा वर्षं झाली तरी बोर्ड सोडेना. १९७१ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगातच तो गोळी लागून मेला. तुरुंगात त्याच्या हातून काय काय घडलं यावर आजही वाद आहेत, पण ७० डॉलरच्या गुन्ह्याची मुदत कुणालाच सांगता येत नाही, ही गोष्ट डाव्यांना अन्याय वाटली आणि उजव्यांना ढिलाई. डावे म्हणाले, बोर्ड मनमानी करतं आणि काळ्यांवर आकस धरतं. उजवे म्हणाले, सुधारणेच्या नावाखाली गुन्हेगार लवकर सुटतात. त्यातच १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिन्सन यांनी तोवरच्या सुधारणा-कार्यक्रमांचा आढावा घेणारा लेख लिहिला आणि त्याचा ‘काहीच चालत नाही’ असा अर्थ देशभर पसरला. १९७९ मध्ये त्यांनी स्वतःच हे मत बरंचसं मागे घेतलं; ते मात्र फारसं कुणी ऐकलं नाही.

१९७६ चा निश्चित मुदतीचा कायदा या वातावरणात आला. त्याच्या सुरुवातीलाच शब्द होते: तुरुंगवासाचा हेतू शिक्षा हा आहे. सुधारणा नाही, उपचार नाही. सही गव्हर्नर जेरी ब्राउन यांची. बहुतेक गुन्ह्यांना ठरावीक वर्षं आली आणि पॅरोल बोर्डाकडे खून व आणखी मोजके गुन्हे उरले. त्या वेळी दुसऱ्या दर्जाच्या खुनाला, म्हणजे पूर्वनियोजन सिद्ध न झालेल्या खुनाला, ५, ६ किंवा ७ वर्षं होती. तुमच्या प्रश्नातला १५ चा आकडा आला तो नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतातून. प्रस्ताव ७ ने दुसऱ्या दर्जाला १५ ते जन्मठेप आणि पहिल्या दर्जाला २५ ते जन्मठेप केली. हा आकडा कुठल्या गुन्हेशास्त्रज्ञाने अभ्यास करून काढलेला नाही, मतपेटीतून निघालेला आहे. कॅलिफोर्नियाची शिक्षापद्धती समजून घेताना हे विसरलात तर पुढचं काहीच कळणार नाही.

त्यानंतरही कौल येत राहिले. १९८८ च्या प्रस्ताव ८९ ने खुनाच्या प्रकरणात बोर्डाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला. १९९४ मध्ये तीन गुन्ह्यांचा कायदा आला: आधीचे दोन गंभीर गुन्हे नावावर असतील तर तिसऱ्याला जबर शिक्षा. त्याखाली गॅरी युइंग नावाच्या माणसाला प्रत्येकी ३९९ डॉलरच्या तीन गोल्फ क्लब चोरल्याबद्दल २५ ते जन्मठेप झाली. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम ठेवली. त्या निकालात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी मांडलेला मुद्दा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अधिकृत उत्तर म्हणता येईल. अद्दल, वचक, समाजापासून दूर ठेवणं आणि सुधारणा, यांपैकी कोणता हेतू धरायचा हे राज्याने ठरवावं. राज्यघटना एकाच सिद्धान्ताची सक्ती करत नाही.

मग कॅलिफोर्नियाने हेतूच बदलला. २०१६ मध्ये विधिमंडळाने १९७६ चं ते वाक्य काढून नवं घातलं: शिक्षेचा हेतू सार्वजनिक सुरक्षितता, आणि ती साधायची शिक्षा, सुधारणा आणि झालेली हानी भरून काढणारा न्याय या तिन्हींतून. सही पुन्हा जेरी ब्राउन यांचीच. २०११ मध्ये ते गव्हर्नरपदी परतले होते आणि ७६ च्या कायद्याबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी त्याआधीच जाहीर केला होता. फेडरल कायद्यात नेमकं उलट आहे. सुधारणा व्हावी म्हणून तुरुंगवास लांबवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या टॅपिया प्रकरणात कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून सांगितलं. म्हणजे एकाच शहरात, दोन रस्ते सोडून असलेल्या दोन न्यायालयांत, शिक्षेचा हेतू वेगळा.

ज्याला १९९५ मध्ये शिक्षा झाली, त्याला ती ‘हेतू शिक्षा’ म्हणणाऱ्या कायद्याने झाली, आणि त्याची सुटका आज ‘सुधारलास का’ विचारणाऱ्या कायद्याखाली ठरते.

आता तारखांचं गणित. पहिली गोष्ट, १५ हा आकडा पुष्कळदा एकटा येत नाही. खून पिस्तुलाने झाला असेल तर शस्त्राचं वेगळं कलम २५ ते जन्मठेप जोडतं, आणि ‘१५ ते जन्मठेप’ची ‘४० ते जन्मठेप’ होते. म्हणून निकालपत्रातली बेरीज पाहा, बातमीतला आकडा नको. दुसरी गोष्ट, गुन्ह्याच्या वेळचं वय. २६ पूर्ण व्हायच्या आत गुन्हा घडला असेल तर तरुण गुन्हेगारांसाठीची सुनावणी लागू होते. २०१३ च्या कायद्यात ही मर्यादा १८ होती, २०१५ मध्ये २३, २०१७ मध्ये २६ झाली. यात एकूण बेरीज बाजूला ठेवून सगळ्यात लांब असलेली एकच शिक्षा धरतात. ती २५ ते जन्मठेप असेल तर २५ व्या वर्षी सुनावणी, त्याहून कमी जन्मठेप असेल तर २० व्या, ठरावीक मुदतीची असेल तर १५ व्या. वरच्या ‘४० ते जन्मठेप’वाल्याचं वय गुन्ह्याच्या वेळी २२ असेल, तर त्याची सुनावणी ४० ऐवजी २५ व्या वर्षी. (निव्वळ १५ ते जन्मठेप असेल तर याचा तारखेला उपयोग नाही, कारण १५ आधीच येतात. पण तारुण्यातल्या अपरिपक्वतेला मोठं वजन द्यायचं बंधन बोर्डावर तरीही राहतं. वकिलाने ते मागून घ्यावं.) तिसरी वाट उतारवयाची: वय ५० पूर्ण आणि सलग २० वर्षं आत, काही अपवाद सोडून. वर्तणुकीच्या सवलतींचे नियम गेल्या दहा वर्षांत अनेकदा बदलले आणि त्यावर खटले चालू असतात, त्यामुळे कागदावर हिशेब मांडून घरच्यांना तारीख सांगू नका. राज्याच्या सुधारगृह विभागाच्या संकेतस्थळावर कैद्याचं नाव टाकून शोधता येतं. पॅरोल सुनावणीची तारीख आणि आधीच्या सुनावण्यांचे निकाल तिथे दिसतात. तीच तारीख खरी धरा.

पात्रतेच्या साधारण ६ वर्षं आधी बोर्डाचा अधिकारी कैद्याला भेटून सल्ला देतो: कोणते वर्ग करावेत, फाईलमध्ये काय खटकतं. याला कायदेशीर वजन नाही म्हणून बरेच कैदी ही भेट अंगावरून घालवतात. चूक आहे. पुढचं पॅनेल तो कागद वाचतं आणि ‘तुला सहा वर्षांपूर्वी व्यसनमुक्तीचा वर्ग सांगितला होता, केलास का?’ हा प्रश्न ठरलेला असतो.

पहिली सुनावणी पात्रतेच्या तारखेच्या सुमारे वर्षभर आधी. तिच्याआधी बोर्डाचा मानसशास्त्रज्ञ मुलाखत घेऊन धोक्याचं मूल्यमापन लिहितो: कमी, मध्यम किंवा जास्त. माझ्या मते सबंध प्रक्रियेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच आणि त्यालाच कैदी सगळ्यात कमी तयारीने सामोरे जातात. एक तर ही मुलाखत वकील बरोबर नसताना होते, आणि दुसरं म्हणजे तिथे बोललेला प्रत्येक शब्द सुनावणीत समोर येतो. अहवालात तपशिलाची चूक असेल, भावाचं नाव चुकलं, अटकेचं वर्ष चुकलं, न केलेला गुन्हा चिकटवला, तर लेखी हरकत सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी द्यायची. सुनावणीच्या दिवशी ‘ते चुकीचं लिहिलंय’ म्हटलं की ते सबब वाटतं.

पॅनेल बहुधा दोघांचं: एक कमिशनर आणि एक उपकमिशनर. कमिशनरांची नेमणूक गव्हर्नर करतो, सेनेट मान्यता देतं. महासाथीपासून बहुतेक सुनावण्या व्हिडिओवर होतात. कैद्याचा वकील असतो. ऐपत नसेल तर सरकार देतं. ज्या जिल्ह्यात खटला चालला तिथला सरकारी वकील येऊ शकतो. मृताच्या नातेवाइकांना नोंदणी केली असेल तर ९० दिवस आधी कळवतात. ते येतात, बोलतात, आणि त्यांना उलट प्रश्न विचारता येत नाहीत.

पॅनेलसमोर कायद्याचा प्रश्न एकच: हा माणूस आज सोडला तर लोकांना अवाजवी धोका आहे का? ‘पुरेशी शिक्षा भोगली का’ हा प्रश्न कागदोपत्री नाही. २००८ पर्यंत बोर्ड आणि गव्हर्नर ‘गुन्हा फार निर्घृण होता’ एवढ्यावर नकार देत. गुन्हा तर कधीच बदलत नाही, म्हणजे नकारही कधीच संपत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉरेन्स प्रकरणात हे थांबवलं: जुना गुन्हा आजच्या धोक्याशी जोडून दाखवा, नुसता गुन्हा पुरे नाही. पण त्याच दिवशी शापुटिस प्रकरणात दुसरा निकाल दिला: माणसाला आपण असं का केलं याची उमज नसेल, तर ते आजच्या धोक्याचं लक्षण धरता येईल. तेव्हापासून पॅरोलची सगळी भाषा ‘इनसाइट’ या एका शब्दाभोवती फिरते. उमज ही मोजता न येणारी गोष्ट. बोर्डाला ज्याला नकार द्यायचा आहे, त्याच्यात ती नेहमीच थोडी कमी सापडते, हा आक्षेप मला बराचसा खरा वाटतो.

तरीही तयारी करता येते, कारण चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात सामान्य चूक व्याकरणाची आहे. ‘भांडण झालं, बंदूक सुटली, तो पडला.’ या वाक्यांत करणारा कुणीच नाही. ‘मी बंदूक घेऊन गेलो, मी झाडली’ हे न म्हणणारा माणूस पॅनेलला जबाबदारी झटकणारा दिसतो, मग त्याच्याजवळ वीस प्रमाणपत्रं असोत. दुसरी चूक कारणांची. बाप दारू पिऊन मारायचा, हे कारण सांगणं आणि सबब सांगणं यांत बारीक रेघ आहे. पॅनेलला साखळी हवी असते: मार खाल्ला, त्यातून अपमान सहन न होण्याची सवय लागली, ती टोळीत मोठेपण देऊन गेली, आणि त्या रात्री शिवी ऐकल्यावर मी हे निवडलं. शेवटचं क्रियापद ‘निवडलं’ असलं पाहिजे. तिसरी चूक पाठांतराची. वर्गात शिकवलेले शब्द, ट्रिगर, चारित्र्यदोष, आत्मसन्मान, जसेच्या तसे फेकले की कमिशनर लगेच उदाहरण मागतात: ‘गेल्या वर्षभरात राग आला असा प्रसंग सांग, काय केलंस?’ तिथे गप्प बसणारे पुष्कळ. व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांत गेलो म्हणणाऱ्याला आठवी पायरी कोणती हे हमखास विचारतात. दुखावलेल्यांची यादी कर, ही ती पायरी, आणि यादीत मृताची आई नसेल तर मग झालंच.

शिस्तभंगाचे अहवाल वेगळंच प्रकरण. तुरुंगात त्यांना नुसतं ‘वन फिफ्टीन’ म्हणतात, फॉर्मच्या नंबरावरून. मारामारीचा अहवाल दहा वर्षं जुना असेल तर तो समजावून सांगता येतो. चोरून ठेवलेल्या मोबाइलचा दोन वर्षांपूर्वीचा असेल तर अवघड. घरच्यांना वाटतं, फोनच तर आहे, आईशी बोलायलाच तर ठेवला. पॅनेलला त्यात दिसतं ते असं, की नियम गैरसोयीचा झाला की हा अजूनही मोडतो, आणि फोन आत आणायला टोळीला पैसे देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आईवडिलांच्या खुनाबद्दल आत असलेल्या मेनेन्डेझ बंधूंना, एवढा गाजावाजा होऊनही, प्रत्येकी ३ वर्षांचा नकार मिळाला आणि त्यात बेकायदा मोबाइल हा मोठा मुद्दा होता. अशा फोनवरून मला कॉल करू नकोस, असं आईने मुलाला सांगावं. त्याच्या सुटकेसाठी ती करू शकेल अशा कामांत हे वरच्या क्रमांकाचं.

मी गुन्हा केलाच नाही, असं म्हणणाऱ्याचं काय? कायदा सांगतो की कबुलीची सक्ती करता येत नाही. व्यवहारात मात्र नाकारणाऱ्याची वाट फार अरुंद. त्याचं म्हणणं निदान शक्य कोटीतलं असावं आणि पुराव्याशी उघड विसंगत नसावं. निर्दोष असलेल्यासाठी ही व्यवस्था क्रूर आहे, यात शंका नाही.

निकाल त्याच दिवशी सांगतात. नकार असेल तर पुढची सुनावणी ३, ५, ७, १० किंवा १५ वर्षांनी. २००८ च्या मार्सी कायद्याने, हाही जनतेचा कौल, मूळ आकडा १५ धरला आणि कमी करायचा तर कारण हवं असं उलटं ओझं ठेवलं. त्याआधी बहुतेकांना वर्ष-दोन वर्षांत पुन्हा संधी मिळे. प्रत्यक्षात आज ३ आणि ५ चे नकार जास्त दिसतात. परिस्थिती बदलली तर तारीख अलीकडे आणण्याचा अर्ज करता येतो.

इथे एक डावपेच, जो पुष्कळांना माहीत नसतो. तयारी नसेल तर सुनावणीला जाऊच नये. कैदी १ ते ५ वर्षांसाठी सुनावणी स्वतः सोडून देऊ शकतो, पण ती विनंती सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी हवी. हा नकार धरला जात नाही. त्या ४५ दिवसांनंतर जाग आली तर उरते ती ‘मी सध्या अपात्र आहे’ अशी कबुली, आणि तिच्यासाठी पुन्हा ३ ते १५ चीच शिडी. ताजा शिस्तभंग आणि वाईट मानसशास्त्रीय अहवाल हातात असताना ‘बघू काय होतं’ म्हणून जाणं हा जुगार आहे. पाच वर्षं त्यात सहज जातात.

होकार मिळाला तरी दार लगेच उघडत नाही. बोर्डाचे कायदेतज्ज्ञ १२० दिवसांपर्यंत निर्णय तपासतात, मग खुनाच्या प्रकरणात गव्हर्नरला ३० दिवस. एकूण पाच महिने, आणि त्यांतला शेवटचा महिना राजकारणाचा. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या काळात मोजकेच खुनी सुटले. जेरी ब्राउन दुसऱ्यांदा आले तेव्हा बहुतेक होकार कायम राहिले. कायदा तोच, सहीचा हात वेगळा. १९६९ च्या खुनांमुळे कुप्रसिद्ध झालेल्या मॅन्सन टोळीतल्या लेस्ली व्हॅन हाउटन यांना बोर्डाने २०१६ पासून पाचदा होकार दिला आणि ब्राउन व त्यांच्यानंतरचे गव्हर्नर न्यूसम या दोघांनी मिळून पाचही वेळा तो फिरवला. शेवटी अपील न्यायालयाने गव्हर्नरचा निर्णय रद्द केला तेव्हा २०२३ मध्ये त्या बाहेर आल्या, पन्नासहून जास्त वर्षांनी. रॉबर्ट केनेडींचा मारेकरी सिरहान याला २०२१ मध्ये होकार मिळाला, जानेवारी २०२२ मध्ये गव्हर्नरने फिरवला, २०२३ मध्ये बोर्डानेच नाकारला. ‘पुरेशी शिक्षा झाली का’ हा प्रश्न पुढच्या दाराने काढून टाकला असला, तरी तो मागच्या दाराने येतो तो असा. फेडरल न्यायालयात जाऊन फारसा उपयोग नाही. २०११ च्या स्वार्टहाउट निकालानंतर तिथे एवढंच पाहतात, की म्हणणं मांडायची संधी दिली का आणि कारणं सांगितली का. दाद मागायची ती राज्याच्या न्यायालयात.

आकड्यांबद्दल दोनच गोष्टी. ठरलेल्या सुनावण्यांपैकी अलीकडे साधारण सहा-सातांतली एकच होकारात संपते. सोडून दिलेल्या आणि पुढे ढकललेल्या सुनावण्या धरून हा हिशेब आहे. आणि पॅरोलवर सुटलेले जन्मठेपवाले पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण फार कमी आहे: तीन वर्षांत जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास दोषी ठरतात, तर राज्यातल्या एकूण सुटलेल्यांत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास. यात बोर्डाच्या गाळणीचा वाटा आहेच, पण वयाचाही आहे. पन्नाशीतला माणूस विशीतल्यासारखा पेटत नाही. एका कैद्यावर राज्याचा वर्षाला १ लाख ३० हजार डॉलरच्या आसपास खर्च होतो, हे शेजारी ठेवून बघा. निव्वळ सुरक्षिततेच्या हिशेबाने होकार बरेच वाढायला हवेत. ते वाढत नाहीत, कारण हिशेब निव्वळ सुरक्षिततेचा नाही, आणि मला विचाराल तर कायद्याने हे उघड मान्य केलं असतं तर कैद्याला निदान खऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं असतं.

तयारीसाठी सगळ्यात स्वस्त साधन सांगतो. सुनावण्यांची शब्दशः टिपणं सार्वजनिक असतात, बोर्डाकडे मागता येतात. आपल्या माणसासारखी शिक्षा आणि तसाच गुन्हा असलेल्यांची दहा टिपणं वाचा, पाच होकाराची आणि पाच नकाराची. कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

आता आपल्या लोकांपुरतं. कैद्याकडे अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर पॅरोलनंतर तो तिथेच राहील: हातात २०० डॉलर (१९७३ पासून हाच आकडा), बहुधा पहिले सहा महिने संक्रमणगृहात, देखरेख अधिकाऱ्याच्या भेटी, लांबच्या प्रवासाला आधी परवानगी घ्यायची. अट मोडल्याचा आरोप झाला तर १९७२ च्या मॉरिसी निकालामुळे सुनावणीशिवाय परत आत टाकता येत नाही. पण भारतीय पारपत्र आणि ग्रीन कार्ड असेल तर खुनाच्या शिक्षेनंतर देशाबाहेर पाठवणी जवळजवळ ठरलेली. तुरुंगाच्या दारातून तो परदेशी नागरिकांच्या खात्याच्या ताब्यात जातो आणि तिथून भारतात. शिक्षेचा उरलेला भाग भारतात भोगण्यासाठी हस्तांतराची वाटही आहे. परदेशात झालेली शिक्षा मायदेशी भोगू देणाऱ्या आंतर-अमेरिकी करारात भारत आणि अमेरिका दोघेही आहेत. पण राज्य, दोन्ही केंद्र सरकारं आणि कैदी अशा सगळ्यांची संमती लागते, त्यामुळे तिच्या भरवशावर पॅरोलची तयारी थांबवू नये.

म्हणूनच अशा कैद्याने बोर्डासमोर दोन आराखडे ठेवायचे असतात: पाठवणी झाली नाही तर कॅलिफोर्नियातला, आणि झाली तर गावाकडचा. दुसरा बहुतेकांच्या फाईलमध्ये नसतो किंवा ‘घरचे बघतील’ एवढाच असतो. तो इकडून लिहून जायला हवा. पत्र मराठीत लिहिलं तरी चालेल, सोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही जोडा. पत्रात कोण लिहितंय आणि नातं काय, तो कुठल्या पत्त्यावर राहील, खोली कोणती, काम कोण देणार आणि कसलं, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र किंवा दारूमुक्तीची बैठक कुठे आणि कोणत्या वारी, हे स्पष्ट हवं. काम देणाऱ्याचं वेगळं पत्र त्याच्या लेटरहेडवर. आणि ‘आमचा पोरगा असं करूच शकत नाही, त्याला अडकवलं’ हे वाक्य, कितीही मनापासून आलं तरी, त्यात लिहू नका. तो आत वीस वर्षं ‘मी केलं’ म्हणायला शिकलेला असतो, आणि पॅनेल ते पत्र त्याच्यासमोरच मोठ्याने वाचून विचारतं, की घरच्यांना तू अजून खरं सांगितलं नाहीस का?